इच्छेच्या खात्याची नावे बाजू

मे महिन्यात दुपारची उन्हे चढली की, पडदे ओढून मुलांना एखादा चित्रपट दाखवण्याचा आमच्या घरी परिपाठ आहे. यंदा अकरा वर्षांच्या नातवाने ‘द नेव्हरएन्डिंग स्टोरी’ हा १९८४ सालचा चित्रपट निवडला. मीही शिवणाची टोपली घेऊन शेजारी बसले. टोपली तशीच राहिली, हे सांगायला नकोच.

कथा थोडक्यात अशी. आई वारलेला आणि शाळेतील दांडगट मुलांच्या छळाला कंटाळलेला बास्तियान नावाचा मुलगा जुन्या पुस्तकांच्या दुकानात शिरतो, तेथील एक पुस्तक गुपचूप उचलतो आणि शाळेच्या माळ्यावर लपून वाचू लागतो. पुस्तकात एक अद्भुत राज्य आहे. त्या राज्याला सगळीकडून ‘शून्य’ गिळत चालले आहे. तेथील बालसम्राज्ञी आजारी आहे आणि तिला नवे नाव मिळाले तरच ती वाचणार आहे. आत्रेयू नावाचा शूर मुलगा उपाय शोधत वणवण फिरतो. फाल्कोर हा पांढरा, लवदार, हसऱ्या चेहऱ्याचा ड्रॅगन त्याचा सोबती होतो. अखेर उमगते ते हे की, नाव ठेवायचे आहे ते पुस्तक वाचत बसलेल्या मुलानेच. बास्तियान वादळात खिडकीतून ओरडून नाव देतो आणि राज्य वाचते. मग सम्राज्ञी त्याला हव्या तितक्या इच्छा करण्याची मुभा देते. आपल्याला पडद्यावर दिसते ती इच्छा अशी, की ड्रॅगनच्या पाठीवर बसून तो आपल्या शहरात येतो आणि छळणाऱ्या त्या मुलांना रस्त्यारस्त्याने पळवत कचऱ्याच्या पेटीत उड्या मारायला लावतो.

नातवाने टाळ्या वाजवल्या. त्यानंतर निवेदक एवढेच सांगतो की, या मुलाने आणखी पुष्कळ इच्छा केल्या, पुष्कळ साहसे केली आणि मग तो घरी परतला. नातू माझ्याकडे वळून म्हणाला, “आजी, अजून काय काय मागितलं त्याने? आणि सगळं फुकटच?”

दुकानदाराच्या घरात वाढलेल्या मुलाचा हा प्रश्न मला फार आवडला. त्याचे उत्तर चित्रपटात नाही. ते मूळ पुस्तकात आहे, आणि थोडेथोडके नव्हे, निम्म्या पुस्तकभर आहे.

मिखाएल एन्डे या जर्मन लेखकाची ही कादंबरी १९७९ साली प्रसिद्ध झाली. राल्फ मॅनहाइम यांनी केलेला तिचा इंग्रजी अनुवाद मी मागवून घेतला आणि रोज रात्री जेवणे आटोपली की, नातवाला मराठीत सांगत सांगत वाचू लागले. पुस्तकाची घडण मोठी नामी आहे. प्रकरणे सव्वीस, आणि प्रत्येक प्रकरणाचा आरंभ वर्णमालेतील पुढच्या पुढच्या अक्षराने होतो. मूळ आवृत्तीत आपल्या जगातील मजकूर एका रंगाच्या शाईत आणि अद्भुत राज्यातील दुसऱ्या रंगाच्या शाईत छापला आहे. साधारण मध्यावर, म्हणजे बाराव्या-तेराव्या प्रकरणाशी, बास्तियान नाव देतो आणि पुस्तकाच्या आत ओढला जातो. चित्रपट येथेच थांबतो. कादंबरीचा खरा हिशेब येथून सुरू होतो.

त्याच्या गळ्यात सम्राज्ञीचा ताईत येतो. त्यावर इच्छेप्रमाणे वागण्याची अनुज्ञा कोरलेली आहे. मूळ कादंबरीतला बास्तियान जाडा, फिकट आणि खेळांत मागे पडणारा मुलगा आहे. चित्रपटाने त्याला पहिल्यापासूनच सडपातळ आणि देखणा करून टाकले, हा पहिला तोटा. पुस्तकातला मुलगा प्रथम सौंदर्य मागतो. ते मिळते आणि आपण कधी जाडे होतो, हेच तो विसरतो. मग बळ मागतो. ते मिळते, आणि आपण कधी दुबळे होतो ही आठवण जाते. प्रत्येक इच्छेमागे घराकडची एक आठवण कमी होते. शाळा जाते, शहर जाते, वर्गातली मुले जातात. आपल्या जुन्या वह्यांतील भाषेत सांगायचे तर जमा बाजूला इच्छा आणि नावे बाजूला आठवण, अशी ती रोजकीर्द आहे. फरक एवढाच, की ज्याचे खाते आहे त्याला नावे बाजू दिसत नाही. तो फक्त जमा वाचतो आणि आपण श्रीमंत होत आहोत असे समजतो.

अशी वही आपल्यापैकी कोणी पाहिली नसेल, असे मला म्हणवत नाही.

पुढे पुढे तो मुलगा गर्विष्ठ होत जातो. स्तुती करणाऱ्यांचा घोळका भोवती जमतो, एक कपटी चेटकीण त्याच्या कानाशी लागते आणि ‘तू जपून राहा, तुझ्या आठवणी चालल्या आहेत,’ असे सांगणारा आत्रेयूच त्याला शत्रू वाटू लागतो. स्वतःला सम्राट म्हणवून घेण्याच्या लढाईत तो त्याच आत्रेयूला आपल्या तलवारीने जखमी करतो.

येथवर आलो तेव्हा नातवाने पुस्तकावर हात ठेवला. “आजी, पुढचं नको वाचूस. तो वाईट व्हायला लागलाय.” मी पुष्कळ समजावले, पण तो उठून गेला. पुस्तक आठ दिवस कोनाड्यात पडून राहिले.

त्या आठ दिवसांत माझ्या मनात तोच विषय घोळत होता. मुलांच्या लाडक्या अद्भुतकथांवर चित्रपट निघतात तेव्हा काय गळते, याची चर्चा बहुधा ‘अमुक पात्र नाही, तमुक प्रसंग नाही’ अशी होते. दोन तासांत तीन-चारशे पाने बसवायची तर काहीतरी गाळावे लागणारच, त्यात रागावण्यासारखे काही नाही. परंतु मला माहीत असलेली उदाहरणे आठवत गेले तसे वाटू लागले की, गळणाऱ्या गोष्टी बऱ्याचदा एकाच जातीच्या असतात. जादू राहते, तिची किंमत गळते.

‘द विझर्ड ऑफ ओझ’चेच पाहा. एल. फ्रँक बॉम यांचे पुस्तक १९०० सालचे आणि जूडी गार्लंडचा प्रसिद्ध चित्रपट १९३९ सालचा. चित्रपट अजोड आहे, हे मी आधीच कबूल करते. कान्सासचे करडे, धूसर जग आणि डोरोथीने दार उघडताच समोर उसळणारे रंग हा क्षण पुस्तकातही आहे. पण पडद्यावर तो जसा अंगावर येतो तसा कागदावर येत नाही. पुस्तकातले रुपेरी जोडे चित्रपटात माणकांसारखे लाल झाले, कारण नव्या रंगीत फिल्मवर लाल रंग अधिक खुलत होता. तेही चालेल. परंतु चित्रपटाच्या शेवटी डोरोथी आपल्याच बिछान्यात जागी होते, घर जागच्या जागी असते आणि घडलेले सर्व स्वप्न ठरते. पुस्तकात ते स्वप्न नाही. वादळाने घर खरोखरच उडवून नेले आहे. ती परतते तेव्हा तिला काकांनी बांधलेले नवे घर दिसते, आणि तिला घरी आणणारे जादूचे जोडे वाटेतच वाळवंटात गळून कायमचे हरवलेले असतात. बॉम यांनी १९१० च्या पुढील एका पुस्तकात तर सांगून टाकले आहे की, ते नवे घर बांधण्यासाठी हेन्रीकाकांनी शेत गहाण टाकले होते, ते कर्ज फिटले नाही आणि शेत जाण्याची पाळी आली. मुलांच्या परीकथेत गहाणखत! मला तर ते वाचून बॉम यांच्याविषयी आदरच वाटला. वादळ येऊन गेले की कोणाला तरी हप्ते भरावे लागतात, हे त्यांनी मुलांपासून लपवले नाही. चित्रपटाने वादळ ठेवले आणि हप्ते माफ केले.

ओझमधली आणखी एक गंमत ओघाने सांगते. पाचूंचे नगर पुस्तकात खरे हिरवे नाहीच. वेशीवरचा पहारेकरी येणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांवर हिरव्या काचांचा चष्मा चढवून त्याला कुलूप लावतो, आणि म्हणून ते हिरवे दिसते. चित्रपटात मात्र नगर खरोखरच हिरवेगार आहे. काउंटरवरचा दिवा बदलून कापडाचा रंग खुलवणारे दुकानदार मी पाहिले आहेत. बॉम यांनी ते चांगले ओळखले होते.

‘मेरी पॉपिन्स’ची कथा वेगळी. पी. एल. ट्रॅव्हर्स यांचे पहिले पुस्तक १९३४ साली आले. चित्रपटाचे हक्क मिळवण्यासाठी वॉल्ट डिस्ने कित्येक वर्षे त्यांच्या मागे होते. १९६४ साली चित्रपट आला, त्याला पाच ऑस्कर पारितोषिके मिळाली आणि पहिल्या खेळाला ट्रॅव्हर्सबाई रडल्या. ते आनंदाश्रू नव्हते. आपल्या तुसड्या, शिस्तीच्या, गूढ दाईची त्यांनी गोड गळ्याची हसरी मुलगी झालेली पाहिली. याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. माझे लक्ष मात्र दुसऱ्याच गाळणीकडे जाते. पुस्तकात जेन आणि मायकेल यांच्याखेरीज पाळण्यातली जुळी भावंडे आहेत, चित्रपटात ती नाहीत. त्यांच्याबरोबर एक अख्खे प्रकरण गेले. त्या प्रकरणात तान्ह्या जुळ्यांना वाऱ्याची, उन्हाची आणि खिडकीवर येणाऱ्या साळुंकीच्या जातीच्या पक्ष्याची भाषा कळत असते. मोठी माणसे ही भाषा विसरतात, असे पक्षी सांगतो तेव्हा ती दोघे म्हणतात, आम्ही नाही विसरणार. मग त्यांना दात येतात. पक्षी पुन्हा येतो तेव्हा पाळण्यातून त्याला उत्तर मिळत नाही. तो सर्दी झाल्याचा बहाणा करतो. मूल मोठे होणे ही आनंदाची गोष्ट आहे आणि त्यात काहीतरी जाते, या दोन्ही गोष्टी एका लहानशा प्रकरणात इतक्या हळुवारपणे मांडलेल्या मी क्वचितच वाचल्या आहेत. चित्रपटात गाणी आहेत, नाच आहे, बँकेतला गोंधळ तर आपल्या वाचकांनी आवर्जून पाहावा असा आहे. पण तो पक्षी नाही.

हॅरी पॉटर मराठीतही उपलब्ध असल्याने आपल्या मुलांना तो तोंडपाठ आहे. शेवटच्या पुस्तकात जगातली सर्वांत बलवान जादूची कांडी हॅरीच्या हाती येते. तो तिचा एकदाच उपयोग करतो. आपली स्वतःची मोडलेली साधी कांडी तिच्या बळाने सांधून घेतो आणि मग ती बलवान कांडी जेथून आली त्या समाधीत परत ठेवण्याचे ठरवतो. २०११ च्या चित्रपटात तो ती कांडी मोडून दरीत भिरकावून देतो. पडद्यावर हे अधिक जोरकस दिसते, टाळ्याही पडतात. माझे मत मात्र पुस्तकाच्या बाजूने आहे. हाती आलेल्या अमर्याद भांडवलातून आपल्या हक्काचे तेवढे उचलायचे आणि बाकीचे मोजून परत करायचे, हे मोडून टाकण्यापेक्षा कठीण आहे. चित्रपटातल्या हॅरीची स्वतःची कांडी मोडलेलीच राहते, हे तर कोणाच्या ध्यानातही येत नाही.

असे का होते? चित्रपटाला मोठा पैसा लागतो आणि प्रेक्षक हसतमुखाने घरी गेला तरच तो वसूल होतो, हे कारण आहेच. पण एवढ्यावर दोष टाकून मोकळे होणे मला योग्य वाटत नाही. अडचण खुद्द माध्यमातही आहे. ‘तो सुंदर झाला आणि आपण कधी जाडे होतो हे विसरला,’ हे वाक्य कागदावर एका ओळीत येते. विसरणाऱ्याला जे ठाऊक नाही ते वाचणाऱ्याला ठाऊक होते, आणि म्हणून वाचणाऱ्याच्या पोटात कालवते. कॅमेऱ्याने काय दाखवावे? त्याला फक्त एक सुंदर मुलगा दिसतो. गेलेली आठवण कशी दिसते? ती दिसत नाही, म्हणूनच तर ती गेलेली असते.

१९९० साली या चित्रपटाचा दुसरा भाग निघाला. त्यात कादंबरीच्या उत्तरार्धातील काही धागे घेतले आहेत. तेथे दिग्दर्शकासमोर हीच अडचण आली असावी, कारण त्या भागात चेटकिणीजवळ एक यंत्र आहे. बास्तियानने इच्छा केली की, त्या यंत्रातून त्याची एक आठवण गोळीच्या रूपाने बाहेर पडते. युक्ती चतुर आहे, आठवण डोळ्यांना दिसते. परंतु तिच्यामुळे कथेचा अर्थच उलटला. कादंबरीत आठवण जाते ती इच्छेचा मोबदला म्हणून. तो त्या ताइताचाच नियम आहे, त्यात कोणाची लबाडी नाही. यंत्र आले की ती चोरी होते. चोर पकडला, यंत्र मोडले, की इच्छा पुन्हा फुकट! किंमत मोजणे आणि लुबाडले जाणे यांतला भेद व्यापारी माणसाला समजावून सांगायला नको. आपण दिलेल्या किमतीला ‘लूट’ म्हणण्याची सवय मात्र मुलांना लवकर लागते, आणि मोठ्यांनाही.

एन्डे यांना पहिलाच चित्रपट मान्य नव्हता. दिग्दर्शक वोल्फगांग पेटरसन यांनी म्यूनिकच्या स्टुडिओत तो केला. तोवरच्या सर्वांत महागड्या जर्मन चित्रपटांपैकी तो एक होता. निर्मिती थांबवा अथवा चित्रपटाचे नाव बदला, अशी एन्डे यांची मागणी होती. ती मान्य झाली नाही म्हणून ते न्यायालयात गेले आणि हरले. आरंभीच्या श्रेयनामावलीत त्यांनी आपले नाव येऊ दिले नाही. नाव देण्यावरच जिची सारी उभारणी आहे, त्या कथेच्या लेखकाला स्वतःचे नाव मागे घ्यावे लागले. हे हट्टीपणाचे होते असे म्हणणारे पुष्कळ आहेत. चित्रपट लाखो मुलांना आवडला, त्यांतली कित्येक त्यामुळेच पुस्तकाकडे वळली असतील, आणि माझा नातू तर नक्कीच वळला. तरीही उत्तरार्ध वाचल्यावर मी लेखकाच्या बाजूने आहे. निम्मे खाते छापून त्यावर ‘ताळेबंद’ असे शीर्षक घातले तर कोणताही प्रामाणिक मुनीम सही करणार नाही.

सगळेच चित्रपट असे नसतात. सी. एस. लुईस यांच्या नार्निया मालिकेतील १९५० सालच्या पहिल्या पुस्तकावर २००५ मध्ये निघालेल्या चित्रपटाने हिशेब पुरा ठेवला आहे. मिठाईच्या मोहाने एडमंड आपल्या भावंडांना दगा देतो आणि त्याची किंमत सिंहाला स्वतःच्या प्राणांनी द्यावी लागते. ते दृश्य चित्रपटाने टाळलेले नाही. उलट पुस्तकात लंडनवरच्या हवाई हल्ल्यांचा उल्लेख एखाद्या वाक्यात उरकला आहे, तेथे चित्रपट बॉम्बवर्षावानेच सुरू होतो. ही मुले घरदार आणि आई सोडून का आली आहेत, हे त्यामुळे अधिक कळते. पुस्तक निघाले तेव्हा इंग्लंडमध्ये मिठाईवर अजून रेशन होते, हे ध्यानात घेतले तर एडमंडचा मोह काहीसा क्षम्यही वाटतो. एन्डे यांच्याच ‘मोमो’वर १९८६ साली निघालेल्या चित्रपटात तर ते स्वतः आगगाडीतील प्रवाशाच्या छोट्या भूमिकेत दिसतात. त्या कथेतले करडे गृहस्थ लोकांना वेळ वाचवून बचत बँकेत ठेवायला सांगतात आणि लोकांचे आयुष्यच रिकामे करतात. धंद्यातल्या माणसांनी ते पुस्तक एकदा तरी वाचावे. पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

नवव्या दिवशी नातूच कोनाड्यातून पुस्तक घेऊन आला. “तो आत्रेयू मरत नाही ना?” एवढे त्याने आधी विचारून घेतले. मी सांगितले, मरत नाही. मग तो बसला.

लढाईनंतर बास्तियान एका विचित्र नगरात पोहोचतो. पूर्वी त्याच्यासारखेच आलेले, इच्छा करता करता सर्व आठवणी संपलेले लोक तेथे आहेत. अंगावर विजोड कपडे, डोळ्यांत काही नाही. आठवण उरली नाही म्हणून त्यांना इच्छाही होत नाही आणि इच्छा होत नाही म्हणून घरी जाता येत नाही. एक माकड त्यांच्याकडून अक्षरांचे फासे टाकून घेण्याचा खेळ खेळवते. आज ना उद्या त्या अक्षरांतून आपोआप गोष्ट जुळेल, एवढीच त्यांची करमणूक. नातू म्हणाला, “म्हणजे यांची शिल्लक शून्य.” मी हो म्हटले आणि पुढे वाचले. आता बास्तियानला कळते की, आपल्याजवळ थोड्याच आठवणी उरल्या आहेत. त्या जपून, योग्य इच्छेवरच खर्च केल्या पाहिजेत.

त्यानंतर येते चित्रांची खाण. माणसांनी विसरलेली स्वप्ने तेथे अभ्रकासारख्या पातळ पत्र्यांच्या थरांत जमिनीखाली साचली आहेत. बास्तियानला आता आईवडीलही आठवत नाहीत. एका आंधळ्या खाणकामगाराच्या हाताखाली तो काळोखात दिवसेंदिवस खणत राहतो. अखेर एक चित्र सापडते. पांढरा डगला घातलेला एक माणूस, हातात दातांच्या कवळीचा साचा, आणि तो माणूस बर्फाच्या पारदर्शक ठोकळ्यात अडकलेला. बास्तियान त्याला ओळखत नाही. पण ते चित्र त्याला सोडवत नाही. वाचणाऱ्याला कळते की, हे त्याचे वडील आहेत. दातांच्या कवळ्या बनवण्याचे काम करणारे, पत्नीच्या निधनापासून मुलाशीही न बोलणारे. एन्डे यांचे वडील चित्रकार होते आणि स्वप्नासारखी, उलगडा न होणारी चित्रे काढत. ती खाण कोठून आली असेल, याचा तर्क आपण करू शकतो.

मी वाचत होते तेव्हा दाराशी सावली पडली. मुलगा दुकान वाढवून आला होता. हातात दिवसाचा हिशेब, पायांत अजून चपला. तो उंबऱ्यावर थांबला, आत आला नाही.

येथे मला स्वतःबद्दल थोडे लिहावे लागेल. माझे यजमान गेले तेव्हा हा मुलगा दहा वर्षांचा होता. कापडाचे दुकान, उधारीवर दिलेला माल, मुंबईच्या व्यापाऱ्यांची देणी, सगळे एकदम माझ्या अंगावर पडले. मी दुकान चालवले, सर्वांची देणी फेडली, दुकानाची दुसरी शाखाही काढली. नातेवाईक अजून कौतुक करतात. जमा बाजू भक्कम आहे. परंतु त्या वर्षांत रोजकीर्द लिहून मी वर येईपर्यंत मुलगा जेवून झोपलेला असे. आणि आम्ही दोघांनी त्याच्या वडिलांचे नाव घरात काढले नाही. त्याला रडू येईल म्हणून मी काढले नाही, मला येईल म्हणून त्याने काढले नाही. हे आम्ही एकमेकांना कधी सांगितलेले नाही. तो ठोकळ्यातला माणूस वाचताना माझा आवाज बदलला असावा, कारण नातवाने मान वर करून पाहिले. मी घोटभर पाणी प्याले आणि पुढे वाचले.

राहिलेली कथा दोन रात्रींत संपली. ते चित्रही फुटते. त्या खाणीतून निघताना बास्तियानजवळ स्वतःचे नावसुद्धा उरलेले नसते. शेवटी तो गळ्यातला ताईत आपल्या हाताने काढून ठेवतो. जीवनाच्या पाण्याच्या झऱ्याशी त्याला नाव विचारतात तेव्हा ते सांगतो आत्रेयू, ज्याला त्याने जखमी केले तोच. बास्तियानने सुरू केलेल्या सर्व कथा त्याने पुऱ्या केल्याशिवाय त्याला जाता येत नाही. तेव्हा त्या पुऱ्या करण्याची हमीही आत्रेयूच घेतो. जखमी मित्र जामीन राहतो, हे वाचल्यावर नातू कितीतरी वेळ गप्प होता. चित्रपटातल्या कचऱ्याच्या पेटीची आठवण त्याने पुन्हा काढली नाही.

बास्तियान घरी परततो. आपल्या जगात एकच रात्र उलटलेली असते. पुढे तो पुस्तकाच्या दुकानात जाऊन चोरीची कबुली देतो, तर वृद्ध दुकानदार म्हणतो की, असे पुस्तक माझ्याजवळ कधी नव्हतेच, मग तू ते चोरशील कसे?

“म्हणजे त्याच्या स्टॉकमध्ये ते लिहिलेलंच नव्हतं?” नातवाने विचारले. मग वडिलांकडे वळून, “बाबा, आपल्याकडे असं झालं तर?”

माझा मुलगा त्या दिवशी आतच येऊन बसला होता. त्याने स्टॉकच्या प्रश्नाला उत्तर दिले नाही. तो मला म्हणाला, “आई, काल मला यायला उशीर झाला. तो घरी येतो तेव्हा त्याचे वडील काय करतात, ते राहिलं माझं.”

मी चार पाने मागे उलटली आणि ते पुन्हा वाचले.